नरसव्वाचा कंपनी-लॉकवाला फोन

दुकानात फोन घेऊन येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मी काय केलं न्हाय, आपोआप झालं." फोन बादलीतून काढून थेट माझ्याकडं आणलेला असतो, काउंटरवर पाणी टपकत असतं, तरी आपोआप. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत मी मोबाइल दुरुस्तीला बसलो त्याला आता एवढी वर्षं झाली की हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा स्क्रू-ड्रायव्हर हलत नाही. त्याआधी मी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो. तेव्हाही टेप कॅसेट आपोआपच गिळायचा.

अंकासाठी लिहा असा निरोप आला तेव्हा मी टाळाटाळ करत होतो. बायको म्हणाली, "लिखो की. सारा दिन गिराकां से बोलतेच रहते, कागद से बी बोलो जरा." तिला वाटलं मी माझ्या कारागिरीचं काही लिहीन. जळलेले बोर्ड कसे जिवंत केले, बँकेच्या साहेबांचे फोटो कसे परत मिळवले, वगैरे. ते सगळं आहे, आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण सगळ्यात जास्त आठवतं ते एक असं काम, ज्यात माझ्या हाताला काहीच करायचं नव्हतं. जवळच्या कुंभारी गावच्या एका बाईला आपल्या मुलीशी फोनवर बोलायचं होतं, आणि तिचा फोन उघडत नव्हता.

त्यासाठी थोडा धंदा समजावून सांगावा लागेल. लोकांना फोनचं लॉक म्हणजे पडद्यावर बोटानं ओढायची ती रेघ एवढंच माहीत असतं. ते घरातलं लॉक, मालकानं घातलेलं. मी सांगतोय ते लॉक कंपनीनं घातलेलं असतं. परदेशात फोन दोन तऱ्हांनी विकत मिळतो. एक, बाजारातून पूर्ण किंमत मोजून घेतलेला, त्यात जगातलं कुठलंही सिम घाला, चालतं. त्याला आम्ही खुला किंवा अनलॉक फोन म्हणतो. दुसरा, सिमकार्ड देणारी जी कंपनी असते तिच्याकडूनच हप्त्यावर किंवा सवलतीत घेतलेला. तो तिच्याच सिमवर चालतो. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की फोन तोंड फिरवतो. दिसायला दोन्ही एकसारखेच. तीच काच, तोच कॅमेरा, तेच खोकं. लॉक आहे की नाही हे सिम घालेपर्यंत माझ्यासारख्यालाही वरून ओळखता येत नाही.

मध्यंतरी आपल्याकडंही असे स्वस्तातले बांधील फोन आले होते. तेव्हा मजा होती. केबल लावायची, कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम चालवायचा, कोड निघायचा, फोन मोकळा. लोक मला जादूगार समजायचे आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडायचो नाही. आता ते राहिलं नाही. आताच्या फोनचं लॉक फोनमध्ये सोडवता येत नाही. ज्या कंपनीनं विकला तिनं आपल्या यादीत "हा मोकळा" असं लिहावं लागतं, आणि फोन इंटरनेटवरून ते विचारून घेतो. मालकानंच अर्ज करायचा, हप्ते फिटलेले असायला हवेत, फोन चोरीचा नसायला हवा. नियम चांगलाच आहे. पण आमच्यासारख्यांच्या हातातली किल्ली गेली, याचं मला वाईट वाटतं ते वाटतंच.

हे न पटणारी गिऱ्हाइकं पुष्कळ. बार्शीचे एक निवृत्त सर जावयानं अमेरिकेहून आणलेला फोन घेऊन आले. फोन जावयानं तिकडंच चालू करून आणला होता, त्यामुळं घरच्या वायफायवर सगळं दिसत होतं, फक्त आपलं सिम चालत नव्हतं. मी सांगितलं, सर, हा लॉक फोन आहे, जावयांना तिकडून अर्ज करायला सांगा. सर ताडकन म्हणाले, "आमचे जावई तसले नाहीत." मी म्हटलं, सर, जावई चांगलेच आहेत, फोन बांधील आहे. त्यांनी ऐकलं नाही. मुलीच्या संसाराबद्दल मी काही वाईट बोललो असं त्यांच्या मनानं घेतलं. अजून ते तो फोन देवघरातल्या आरत्या लावायला वापरतात आणि रस्त्यात भेटले की माझ्याशी जरा तुटकच बोलतात.

सांगोल्याचे एक डाळिंबवाले आबा होते, त्यांचं वेगळंच. त्यांच्या लॉक फोनमध्ये कुणीतरी सिमखाली एक पातळ चिप बसवून दिली होती. ही चिप फोनला थापा मारते, की हे आपल्याच कंपनीचं सिम आहे. फोन विश्वास ठेवतो आणि चालतो. पण एकदा का अपडेट केलं की फोन शहाणा होतो आणि थापा पकडतो. आबांना हे बजावून सांगितलेलं होतं. पण परगावच्या व्यापाऱ्याला माल दाखवायला फोटो पाठवायचे होते, फोन म्हणाला अपडेट करू का, आबा म्हणाले कर बाबा एकदाचा. माझ्याकडं आले तेव्हा फोन बंद आणि आबा चालू. "मकबूलभाई, एवढं लई गोड इचारलं की त्यानं, न्हाय कसं म्हणायचं?" तेव्हापासून ती चिप मी कुणाला बसवून देत नाही. थापेवर चाललेला फोन कधी बसेल सांगता येत नाही, आणि बसतो तो नेमका गरजेच्या वेळी.

नरसव्वा आली ती उन्हाळ्यात, दुपारची. कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत राहणारी, पन्नाशीची, बुटकीशी, आवाज मात्र खणखणीत. बरोबर तिची मुलगी पद्मा. नरसव्वानं पिशवीतून दोन फोन काढले आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, जुळेच.

"भाई, ह्ये चालतंय. ह्ये चालत न्हाय. एकाच पोरानं पाठवलंय दोन्ही. असं का की?"

मी म्हटलं, अक्का, आधी बसा. आपोआप झालं असं न म्हणणारं गिऱ्हाईक मला फार दिवसांनी भेटलं होतं.

तिचा मुलगा श्रीनिवास आखातात इलेक्ट्रिशियन. त्यानं बहिणीसाठी एक फोन बाजारातून घेतला. मग आईसाठीही तसाच हवा म्हणून दुसरा तिथल्या सिम कंपनीकडून हप्त्यावर घेतला, हप्ते फेडले, आणि गावाकडं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर दोन्ही पाठवून दिले. पहिला आपल्या सिमवर लगेच चालू झाला. दुसरा पहिल्याच पडद्यावर अडून बसला. तिकडच्या कंपनीचं सिम दिसल्याशिवाय पुढंच जाऊ देईना, त्यामुळं वायफायचाही उपयोग नव्हता.

मी तिला लॉक समजावून सांगायला लागलो. कंपनी स्वस्तात देते आणि बांधून ठेवते, असं काहीतरी बोलत होतो. तिनं मला मध्येच थांबवलं.

"म्हंजे आमच्यासारखं. पान, तमाखू कारखान्याचं, म्हून विडी त्याच कारखान्याला द्यायची. दुसरीकडं इकायची न्हाय."

बरोबर तेच. इतकी वर्षं मी हे लोकांना समजावतोय, कुलपाचे आणि किल्ल्यांचे दाखले देतोय, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. आता मी हाच दाखला देतो, आणि सोलापुरात तो कुणालाही कळतो.

"पर आमी हप्ता फेडलंय की," ती म्हणाली. "मग आता सोडायला पायजे."

सोडायला पाहिजे, हे खरं होतं. मी तरीही माझी दुकानदाराची अक्कल चालवली. म्हटलं, अक्का, एवढी खटपट कशाला, एखादा साधा फोन घ्या, बोलण्याशी मतलब. तिनं पदराच्या टोकातून तिसरा फोन काढला. साधा, स्वस्तातला, पडदा असलेला. "हाय की साधा. ह्याच्यात पोरीचं बोलणं दिसत न्हाय."

ऐकू येत नाही असं ती म्हणाली नाही, दिसत नाही म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पद्मा मघापासून एक शब्दही बोललेली नाही, आणि ती माझ्या तोंडाकडं नाही, आईच्या हातांकडं बघत होती. पद्मा जन्मापासून बहिरी. शाळेत ती खुणांची भाषा शिकली, आणि शाळेआधी मायलेकींनी घरातल्या घरात आपली एक वेगळी केलेली होती. नरसव्वाला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळं मेसेजचा उपयोग नाही. दोघींचं बोलणं फक्त हातांनी. आणि पद्माला पुण्यात एका बेकरीच्या कारखान्यात काम लागलं होतं. पुढच्या आठवड्यात ती जाणार, तिथं मुलींच्या वसतिगृहात राहणार. आयुष्यात पहिल्यांदाच आईपासून लांब.

त्यांनी मला करून दाखवलं. साध्या फोनवरून नरसव्वा दुकानाच्या पायरीवर गेली आणि पद्माच्या चालू फोनवर व्हिडिओ कॉल लावला. पद्माच्या पडद्यावर आईचा हात आला की नुसता धूसर पंजा दिसायचा. बोटं एकमेकांत मिसळून जायची. पद्मानं कपाळाला आठ्या घातल्या आणि हात हलवला. तो हात मलाही कळला. काय म्हणतेस ते समजत नाही.

असा प्रश्न माझ्या काउंटरवर आजवर आला नव्हता. लोक म्हणतात आवाज नीट येत नाही, मी स्पीकर बदलतो. इथं आवाजाची गरजच नव्हती. कॅमेराच त्यांचा स्पीकर होता आणि पडदाच कान.

श्रीनिवासनं तिकडून अर्ज केला होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी नकार यायचा. तो पोरगा स्वभावानं भिडस्त. कंपनीचा माणूस "रिजेक्ट" म्हणाला की हा "ठीक है सर" म्हणून फोन ठेवायचा. नरसव्वा म्हणाली, "भाई, त्या कंपनीला फोन लावा. मी बोलते."

मी तिला सांगितलं, अक्का, ते मालकाशिवाय कुणाशी बोलत नाहीत, आणि तुमची भाषा त्यांना कळणार नाही. ती म्हणाली, "मालक माझ्या पोटचा हाय. त्याला बी घ्या की लायनीवर."

दुसऱ्या दिवशी श्रीनिवासच्या सुट्टीची वेळ धरून आम्ही तिघांची लाइन जोडली. कंपनीला फोन त्यानंच लावला, आम्ही त्यात सामील. माझा फोन काउंटरवर, स्पीकर चालू. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत कंपनीचं ते न संपणारं संगीत. पद्मा स्टुलावर बसून आईच्या चेहऱ्यावरून काय चाललंय ते वाचत होती. शेवटी एक माणूस आला. हिंदीत बोलायला लागला, अगदी शिकवल्यासारखं. सर, आपने जो नंबर दिया है, वो फोन लॉक नहीं है, इसलिए रिक्वेस्ट रिजेक्ट हुई है।

"ठीक है सर," श्रीनिवास म्हणाला.

"काय ठीक?" नरसव्वा कडाडली. "ठिवू नको! कुणी ठिवायचं न्हाय!"

मग एकदम तिचा आवाज मऊ झाला. त्या माणसाच्या हिंदीत तिनं काहीतरी ओळखलं होतं, जे मला ऐकू आलं नव्हतं. ती तेलुगूत म्हणाली, "मीदि ए ऊरु, बाबू?" तुमचं गाव कुठलं, बाळा?

  तो तेलुगूतच हळूच म्हणाला, "करीमनगर, अम्मा."

मी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीशेजारी वाढलेला माणूस. मला तेलुगू बोलता येत नाही, पण ऐकून पोटात सगळं उतरतं. तिच्या आज्याचं गावही त्याच बाजूचं निघालं. मला वाटलं, आता ही गणगोत काढणार, रडणार, गळ घालणार. मी अशी माणसं फार बघितली आहेत, मीही केलंय. तिनं तसलं काही केलं नाही. ती म्हणाली, "बाबू, मला मेहरबानी नको. नियम मोडून काय करू नको, तुझी नोकरी जाईल. फक्त तुझ्यासमोर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. माझी पोरगी हातानं बोलते. ती परगावी चालली. तिचा हात दिसायला पाहिजे मला, आणि माझा तिला. आता वाच."

तो म्हणाला, खातेदारानं परवानगी द्यायला हवी. श्रीनिवासनं दिली. या वेळी त्याचा आवाज जरा ठणठणीत होता. मग त्या माणसानं त्यांच्या नोंदीतला, श्रीनिवासला विकलेल्या फोनचा नंबर वाचायला सुरुवात केली. प्रत्येक फोनचा जन्मापासूनचा एक लांबलचक नंबर असतो, तो जगात दुसऱ्या कुठल्या फोनचा नसतो. तो वाचत गेला आणि श्रीनिवास मध्येच म्हणाला, "पण मी तर हा नंबर दिलाच नाही."

"मग कुठला दिलास?" मी विचारलं.

"खोक्यावरचा. पद्मानं खोक्याचा फोटो पाठवलेला."

मी उठलोच. नरसव्वाचा बंद फोन हातात घेतला, पहिल्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या खुणेवर बोट ठेवलं, फोनचा स्वतःचा नंबर वर आला. तो माणूस वाचत होता तोच, अगदी आकड्याला आकडा. म्हणजे घरात दोन्ही खोकी उघडली, फोन हातोहात फिरले, बघून झाल्यावर परत ठेवताना याचं खोकं त्याला गेलं. जुळेच ते, कुणाच्या लक्षात येणार! श्रीनिवास बिचारा इतके दिवस मोकळ्या फोनला मोकळं करा म्हणून अर्ज करत होता, आणि कंपनी खरं तेच सांगत होती की हा लॉक नाहीच. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. शेवटपर्यंत ऐकून घ्यायला मात्र कुणी थांबलं नव्हतं.

नवा अर्ज तिथल्या तिथं झाला. त्या करीमनगरच्या पोरानं सांगितलं, काही दिवस लागतील अम्मा, लवकर होईल असं मी बोलणार नाही. नरसव्वा म्हणाली, खरं बोललास, जेवून घे. मग लाइन बंद झाली. मी तिच्याकडं बघतच राहिलो. माझ्या धंद्यात आवाज चढवणारे रोज भेटतात, पाया पडणारेही भेटतात. दुसऱ्याची नोकरी सांभाळून आपलं काम करून घेणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. पद्मानं आईला हातानं विचारलं, काय झालं? नरसव्वानं दोन खोकी हवेत काढली, एकमेकांत फिरवली, आणि स्वतःच्या डोक्यावर एक टपली मारली. पद्मा हसली ती पोट धरून.

पण ते काही दिवस संपायच्या आत पद्माची जायची तारीख आली. चालू फोन तिच्याबरोबर गेला. बसस्टँडवरून नरसव्वा थेट माझ्या दुकानात आली, बंद फोन पिशवीत घेऊन.  मी चहा मागवला, तिनं घेतला नाही. साध्या फोनवर पद्माचा कॉल आला, वाटेत कुठंतरी गाडी थांबली असेल. नरसव्वानं तोंडापुढं हात धरून बोटं हलवली. पलीकडून पद्मानं तोच त्या दिवशीचा हात केला. समजत नाही. मग दोघींनी एकमेकींकडं नुसतं बघितलं आणि नरसव्वानं फोन ठेवला. त्या वेळी मला माझी जुनी केबल आणि तो प्रोग्रॅम फार आठवला. असता तर त्याच क्षणी उघडून दिला असता, नियमबियम बघितले नसते.

त्यानंतर ती रोज यायची. विड्या कारखान्यात देऊन झाल्या की बस पकडून सोलापूर, माझं दुकान. "आलं का?" "न्हाय अक्का." "बरं." परत जायची. मी म्हटलं, आलं की श्रीनिवास कळवेल, तुम्ही कशाला एवढ्या लांब येता. ती म्हणाली, "घरी बसून हात गप राहत न्हाईत." मला आधी वाटलं विड्या वळायच्या सवयीबद्दल बोलतेय. नंतर कळलं की इतक्या वर्षांत तिचे हात दिवसभर पोरीशी बोलत आलेले होते.

एका दुपारी ती दारात असतानाच श्रीनिवासचा निरोप आला. मंजूर. मी दुकानाच्या वायफायवर तो फोन जोडला. पडदा एकदा काळा झाला, परत उजळला, आणि पहिल्यांदाच पुढच्या पानावर गेला. तिचं सिम घातलं. वरच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या काड्या एकेक करून उभ्या राहिल्या. एवढंच काम. एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता. समोर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, तीही काय होतंय ते बघायला वाकली.

फोन मी काउंटरवरच्या डब्याला टेकवून उभा केला, म्हणजे तिचे दोन्ही हात मोकळे राहतील. पद्माला कॉल लागला. ती बेकरीच्या पांढऱ्या टोपीत होती, बाहेर कुठल्यातरी भिंतीपाशी उभी. चेहरा स्वच्छ, हात स्वच्छ, बोट न् बोट वेगळं. नरसव्वाचे हात सुटले ते सुटलेच. काय विचारत होती मला कळत नव्हतं, पण जेवलीस का तेवढं कळलं, कारण ते सगळ्या आयांचं सारखंच असतं. पद्माही तेवढ्याच वेगानं बोलत होती. माझ्या दुकानात एवढं बोलणं कधी झालं नव्हतं आणि एवढी शांतताही.

मधेच पद्मा थांबली. पडद्याच्या जवळ आली. डोळे बारीक केले. मग तिनं स्वतःच्या डाव्या हाताचं पहिलं बोट वर केलं, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांची कात्री केली आणि त्यावर धरली.

मी नरसव्वाच्या हाताकडं पाहिलं. विडीचं पान कापायच्या कात्रीनं तिचं बोट चांगलंच चिरलं होतं. वर कळकट चिंधी बांधलेली, चिंधीला वाळलेलं रक्त. रोज ती माझ्यासमोर येत होती आणि मला दिसलं नव्हतं. पुण्यातून पोरीला दिसलं.

नरसव्वानं झटकन तो हात पदराखाली घेतला. मान हलवली, काही नाही, काही नाही. दुसऱ्या आयांनी असा प्रसंग आवाजावर निभावून नेला असता, "मजेत हाय गं" म्हणून. पडद्यावर पद्मा काही न करता उभी राहिली. आईच्या तोंडाकडं तिनं बघितलंच नाही. तिची नजर पदरावर होती, जिथं हात गेला होता तिथं. मागून कुणीतरी तिला हाक मारायला खांद्याला धरून हलवलं, तरी तिनं नजर काढली नाही.

हात लपवला तर बोलणार कशानं?  पदराखालून नरसव्वाचा तो हात बाहेर आला, चिंधी बांधलेल्या बोटासकट, आणि पोरीला खरं काय ते सांगायला लागला.